चाकाची पकड कोठे हरवते?

पावसाळा ओसरू लागला की जुहू, इर्ला, विलेपार्ले आणि अंधेरी या पट्ट्यातील गॅरेजांत एक ठरावीक तक्रार येऊ लागते. वेग वाढला की चाकातून घूं घूं असा आवाज येतो, वळणावर तो कमी-जास्त होतो, आणि तपासणीअंती बेअरिंग गेल्याचे निष्पन्न होऊन हब बदलण्यात येतो. या लेखाचा विषय ही पहिली तक्रार नसून तिच्या पोटी जन्मणारी दुसरी तक्रार हा आहे. नवा हब बसवून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तोच चाकाचा एखादा नट हाताने फिरावा इतका सैल सापडतो. तो आवळला जातो, पुन्हा सैल होतो, आणि मालक व कारागीर दोघेही ‘पाना नीट लागला नसेल’ एवढ्या समजुतीवर पुढचा आठवडा काढतात. माझे म्हणणे असे की, नट सैल झाला एवढे म्हटल्याने कसलेच निदान होत नाही. त्याने धरलेली पकड नेमक्या कोणत्या वाटेने गेली हे ठरण्यापूर्वी त्याला पाना लावणे म्हणजे उपलब्ध असलेला एकमेव पुरावा स्वहस्ते पुसून टाकणे होय.

हब बदलण्याचे प्रसंग या भागात वारंवार का येतात, हे प्रथम पाहणे इष्ट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली तो दिवस अपवादात्मक खरा. परंतु मिलन सबवे आणि अंधेरी सबवे येथे पाणी साठणे हा दर वर्षीचाच परिपाठ आहे. धावून तापलेला हब थंड पाण्यात एकाएकी बुडाला की बेअरिंगमधील हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पुढे ग्रीस बिघडते, गोळ्यांच्या मार्गावर गंज धरतो, आणि आवाज सुरू होतो. त्यात जुहूसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत हवेतील क्षारांमुळे हबचा दर्शनी पृष्ठभाग, डिस्कची आतली बाजू आणि स्टडचे आटे यांवर गंजाचे थर फार लवकर चढतात. या थरांना पुढील विवेचनात मोठे महत्त्व आहे.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. मारुती, टोयोटा, होंडा, ह्युंदाई, टाटा, महिंद्र यांच्या बहुतेक मोटारींत हबच्या फ्लँजमध्ये मागील बाजूने स्टड दाबून बसवलेले असतात व त्यांवर बाहेरून नट चढतो; फोक्सवॅगन, स्कोडा आदी युरोपीय मोटारींत स्टड नसून चाकातून थेट हबमध्ये जाणारे बोल्ट असतात, आणि त्यांचा विचार येथे केवळ आनुषंगिक आहे. चाकाचा भार स्टडच्या दांड्यावर टेकलेला असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. नट आवळला जातो तेव्हा स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाच्या बळावर चाक, डिस्क आणि हब एकमेकांवर दाबून धरले जातात, आणि त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावरच मोटारीचे चालणे, थांबणे आणि वळणे निभावते. १२ मिलिमीटर व्यासाचा स्टड सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ देऊन कोरड्या आट्यांवर कसला, तर त्यात अदमासे चार टनांचा ताण उत्पन्न होतो. परंतु त्या ताणाने २०-२५ मिलिमीटर लांबीच्या भागात स्टड लांबतो तो केवळ एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका. हा शेवटचा आकडा वाचकाने पक्का ध्यानात ठेवावा. सैलपणाचे निम्म्याहून अधिक निदान त्यातच आहे. ज्या जोडाचे सारे बळ ०.०५ मिलिमीटर ताणावर उभे आहे, त्याच्या थरांतून कोठेही तेवढी जाडी कमी झाली की नट जागचा न हलताही पकड संपुष्टात येते.

नट प्रत्यक्ष फिरून सैल होतो तेव्हा तो का फिरतो, याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९६९ साल उजाडावे लागले. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने त्या वर्षी प्रयोगांती असे दाखवून दिले की, बोल्टच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या हादऱ्यांपेक्षा त्याला आडवी होणारी सरक अधिक घातक असते. जोडलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म प्रमाणात जरी मागे-पुढे सरकू लागले, तरी आट्यांतील घर्षण क्षणाक्षणाला सुटते आणि नट स्वतःच्याच उतारावर थोडा थोडा उलगडत जातो. याचा अर्थ असा की, पकड आधी कमी होते, मग चाक सरकू लागते, आणि त्यानंतर नट फिरतो. फिरलेला नट हा घटनाक्रमाच्या शेवटी भेटतो. पाना घेऊन धावणारा मनुष्य मात्र त्यालाच आरंभ समजून चालतो.

नव्याने बदललेल्या हबच्या बाबतीत पहिला संशय घ्यावा तो स्टडच्या बैठकीचा. स्टडच्या डोक्याखाली एक दातेरी मान असते. फ्लँजमधील भोकापेक्षा तिचा व्यास थोडा मोठा असल्यामुळे ती दाबाखाली धातूत रुतते आणि स्टडला फिरू देत नाही. नवा हब कधी स्टडसह येतो, कधी मोकळा. मोकळा आला की जुन्या हबमधील स्टड हातोड्याने ठोकून काढून नव्यात बसवण्याची काटकसर केली जाते, आणि एकदा रुतून निघालेल्या दातांची धार बोथट झालेली असल्याने ते दुसऱ्या भोकात पूर्वीच्या बळाने धरत नाहीत. कुर्ला-कलिना भागातील सी. एस. टी. रोडवरून जुना हब आणला असेल तर भोकेही एकदा वापरलेली असतात. शिवाय दोन कंपन्यांचे स्टड आट्यांच्या मापाने अगदी सारखे असूनही दातेरी मानेचा व्यास वेगळा असू शकतो. नट सुरेख चढतो, परंतु मान भोकात ढिली राहते.

स्वामी विवेकानंद मार्गालगतच्या एका गल्लीत, नावाची पाटीही नसलेल्या एका छोट्या गॅरेजात, असाच एक हब बाकावर पालथा घालून मला दाखवण्यात आला होता. पुढून पाहता चारही स्टड एकसारखे उभे होते. मागून बॅटरीचा प्रकाश टाकल्यावर तिघांची डोकी फ्लँजला चिकटलेली दिसली आणि चौथ्याच्या डोक्याखाली एक बारीक काळी रेघ दिसली, तीत ०.३० मिलिमीटरचे फीलर गेज अर्ध्यापर्यंत सहज शिरले. तो स्टड प्रेसवर न बसवता चाकाच्याच नटाने आणि हवेच्या गनने आत ओढला होता. नट जड लागला तेव्हा तो बसला असे मानून काम आटोपले होते. आता ०.३० आणि पूर्वोक्त ०.०५ या दोन आकड्यांची रुजवात घालून पाहावी. खड्ड्यांच्या आणि वळणांच्या भाराखाली हा स्टड पुढेमागे आत सरकणारच होता, आणि त्याच्या संपूर्ण ताणाच्या सहापट लांबी त्या एका फटीत सामावलेली होती. पाना कितीही इमानाने लावला असता तरी ती पकड टिकणे शक्य नव्हते.

ही फट हब मोटारीवर चढवल्यानंतरही शोधता येते. डिस्क काढून, हब हाताने फिरवीत, मागील पत्र्याच्या कडेने प्रकाश टाकून प्रत्येक डोके पाहावे. ते शक्य नसेल तर फ्लँजच्या पुढे प्रत्येक स्टड किती बाहेर आला आहे हे कॅलिपरने मोजावे. जो स्टड इतरांहून तोकडा भरेल त्याच्या बैठकीत फट असण्याचा संभव. जो लांब भरेल तो ताणाची मर्यादा ओलांडून कायमचा लांबलेला असण्याचा संभव. नट स्टडवर बोटांनी फिरवत न्यावा. मध्येच अडला तर आट्यांची मान आखडून स्टड लांबला आहे, किंवा आट्यांचे अंतर जुळत नाही असे समजावे. सुझुकी घराण्यातील मोटारींत हे अंतर १.२५ मिलिमीटर असते, टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईंत १.५, एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि मग जड होतो, आणि हातात गन असली की तो जडपणा ‘कसला गेला’ म्हणून खपून जातो.

एवढी पाहणी झाल्यावर, आणि तिच्यात मोडतोड आढळली नाही तरच, पुढील परीक्षा घ्यावी. ती अत्यंत साधी आहे आणि तिला लागतो तो केवळ पांढरा रंग. चाक खाली टेकवून, टॉर्क पान्याने कंपनीने नेमून दिलेल्या मापाइतके नट फुलीच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळावेत. मग प्रत्येक स्टडच्या टोकापासून निघून, नटावरून उतरून, चाकाच्या पृष्ठभागावर जाणारी एक अखंड बारीक रेघ ओढावी. त्यानंतर बेताच्या वेगाने लिंक रोडने बोरिवलीपर्यंत जाऊन परतावे आणि चाक थंड झाल्यावर ती रेघ वाचावी. नटावरील तुकडा इतर दोहोंपासून सरकला असेल तर नट फिरला आहे, म्हणजे चाक हबवर सरकत आहे. तेव्हा संशय चाकातील नटाच्या बैठकीच्या आकारावर, पृष्ठभागावरील घाणीवर किंवा अपुऱ्या ताणावर घ्यावा. स्टड आणि नट यांवरील रेघ जुळलेली, परंतु दोन्ही मिळून चाकावरील रेघेपासून दूर गेलेली असतील तर स्टडच भोकात फिरतो आहे. त्याचे दाते झिजले, आणि असा स्टड बदलल्याखेरीज, प्रसंगी हबही बदलल्याखेरीज, गत्यंतर नाही. आणि रेघ तिन्ही ठिकाणी अखंड असूनही पाना लावताच नट सहज पुढे जात असेल, तर काहीही फिरलेले नाही. जोडातील जाडी घटली आहे. हा तिसरा प्रकार नव्या हबवर विशेष आढळतो, आणि कारागिरावर हलगर्जीपणाचा आरोप येतो तोही बहुधा याच प्रकारात, कारण मालकाला सैल नटामागे न आवळलेल्या नटाखेरीज दुसरे काही सुचत नाही.

ही घटणारी जाडी कोठून येते? स्टडच्या बैठकीतील फट हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर पृष्ठभागांचे. नव्या हबचा चेहरा स्वच्छ असला तरी त्यावर जुनीच डिस्क आणि जुनेच चाक चढते, आणि समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीच्या डिस्कच्या आत गंजाच्या पापुद्र्यांची जाडी विसाव्या मिलिमीटरहून पुष्कळच अधिक असते. चाक बसवताना तो पापुद्रा कठीण भासतो, दोनशे-चारशे चकरांत त्याचा भुगा होतो, आणि ताण गेलेला असतो. हबला गंज चढू नये म्हणून सद्‌हेतूने फासलेला रंगाचा जाड हातही हेच करतो. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग धातू दिसेपर्यंत घासणे ही दहा मिनिटांची मेहनत आहे, आणि माझ्या मते या सबंध कामात तिच्याइतकी फलदायी दुसरी कोणतीही नाही.

तिसरे उत्तर बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकांचे. पुष्कळशा नटांचे बूड ६० अंशांच्या शंकूचे असते. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक लागते. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशर असलेला लांब मानेचा नट लागतो. एकाचा नट दुसऱ्या बैठकीत घातला की संपूर्ण पृष्ठभाग टेकण्याऐवजी एका बारीक वर्तुळरेषेवर सारा दाब येतो, ॲल्युमिनियम तेथे दबते आणि पकड जाते. बैठकीवर चकाकणारी एकच कडी उमटलेली असेल, तर नट चुकीचा आहे हे निःसंशय समजावे. बाहेरच्या चाकाचे मधले भोकही सर्व गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. मारुतीच्या पुष्कळ मोटारींत हबचा मध्य ५४.१ मिलिमीटर आणि होंडा सिटीत ५६.१ मिलिमीटर असल्याने मधली रिंग घातल्याशिवाय चाक केंद्रावर बसत नाही. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सबब लांबून आलेल्या तापल्या चाकाचे नट आवळले तर ते निवल्यावर ताण उतरलेला सापडतो.

पिळाच्या मापाविषयी थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे. टोयोटाच्या बहुतेक लहान मोटारींना १०३ आणि होंडाच्या मोटारींना १०८ न्यूटन-मीटर पीळ मुक्रर केलेला आहे. ६० किलो वजनाचा मनुष्य ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की सुमारे १७५ न्यूटन-मीटर होतात, आणि हवेची गन याच्या दुपटीपर्यंत विनासायास जाते. बरे, दिलेल्या पिळाचा फारच थोडा हिस्सा, ढोबळ मानाने दहावा, ताणात उतरतो. उरलेला नटाच्या बुडाशी व आट्यांत घर्षणापायी खर्च होतो. आट्यांना ग्रीस लावले तर तोच पीळ देऊनही ताण चारांऐवजी सहा टनांपर्यंत चढू शकतो. म्हणून सैल नटाच्या तक्रारीमागे अतिरेकी आवळणे हे कारण असू शकते, हे ऐकून आश्चर्य वाटले तरी ते खरे आहे: स्टड एकदा त्याच्या लवचीक मर्यादेपलीकडे लांबला की त्याची ओढ मंदावते. टॉर्क पान्याने आधीच आवळलेल्या नटावर ‘टक्’ असा आवाज केला तर नट किमान तेवढा कसलेला आहे एवढेच सिद्ध होते. तो दुप्पट कसलेला नाही याची खातरजमा त्यातून होत नाही. त्यासाठी नटाची जागा खुणेने नोंदवून, तो थोडा सोडून, नेमक्या मापाला पुन्हा आवळून खूण कोठे येते हे पाहावे लागते.

एका खोट्या साम्यापासूनही सावध राहणे अवश्य आहे. हब बदलताना मधला ॲक्सल नट योग्य मापाला न कसल्यास किंवा बेअरिंग वाकडे दाबले गेल्यास चाक हलते, आणि मालक त्याला स्टडचा दोष समजतो. चाक घोडीवर उचलून वर-खाली पकडून हलवावे, मग दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच हलणे थांबले तर दोष बेअरिंगकडे. डिस्क स्थिर राहून चाक तिच्यावरच हलत असेल तर दोष जोडाकडे. सारेच पूर्ववत हलत असेल तर खालचे बॉल जॉइंट तपासावेत. स्टडच्या भोकांभोवती लालसर तपकिरी भुकटीचे ओघळ दिसणे आणि मंद वेगात दर फेऱ्याला ‘टिक्’ ऐकू येणे, ही मात्र जोड सरकत असल्याची विश्वसनीय चिन्हे होत.

जगात अन्यत्र या प्रश्नाने मोठमोठ्यांना पेचात पाडले आहे. डाव्या बाजूची चाके उजव्या आट्यांवर अधिक सुटतात असा अनुभव ब्रिटनमधील अवजड वाहनांना आला; आपली वाहतूकही डावीकडूनच चालत असल्याने तो येथे दखल घेण्याजोगा आहे. क्रायस्लर कंपनी तर १९७०च्या सुमारापर्यंत आपल्या मोटारींच्या डाव्या चाकांना उलटे आटे देत असे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मालमोटारींची चाके निखळून माणसे दगावली, तेव्हा १९९७ साली अवजड वाहनाचे चाक सुटणे हाच गुन्हा ठरवण्यात आला, त्यात ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव चालेनासा झाला, आणि दंडाची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर ठेवण्यात आली. जून २०२२ मध्ये टोयोटाने आपल्या बीझेडफोरएक्स या नव्या विद्युत मोटारीच्या जगभरातील सुमारे २,७०० गाड्या परत मागवल्या, कारण थोड्याशा वापरानंतरच हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा धोका होता. उपाय हाती येईपर्यंत मालकांना गाडी चालवूच नये असे कळवण्यात आले. अनेक दशके चाके जोडीत आलेल्या कंपनीवर हा प्रसंग येऊ शकतो, तर गल्लीतील कारागिराला केवळ फैलावर घेऊन काही साधणार नाही. जुहूच्याच धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन उतरले. त्या विमानविद्येत महत्त्वाचा नट तारेने जखडण्याचा आणि एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासून सही करण्याचा दंडक आहे. मोटारीच्या चाकाला ना तार, ना दुसरी सही. निदान ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासण्याची मुदत तरी गॅरेजने लिहून द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

निदान झाल्यावर काय बदलावे, याबद्दल मतभेदास फारशी जागा नाही. सैल धावलेला स्टड आणि त्याचा नट दोन्ही बदलावेत. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार वाहिलेला असल्याने तेही बदलावेत. दोन तुटले असतील तर सर्व. नव्या स्टडच्या डोक्यावर १०.९ ही प्रतीची खूण पाहून घ्यावी, आणि तो हायड्रॉलिक प्रेसवर, फ्लँजला मागून आधार देऊन, डोके टेकेपर्यंत दाबावा. चाकाची भोके लांबट झाली असतील तर ते चाक बाद समजावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये, ज्ञात असलेला किंवा सामान्य काळजी घेतली असता कळू शकला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे वा चालवू देणे दंडनीय आहे. नट सैल झाल्याचे एकदा दिसल्यावर मालकाला अज्ञानाची सबब सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूने, सदोष दुरुस्तीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते. परंतु तेथे पुरावा लागतो, आणि तो बहुधा गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात गेलेला असतो. म्हणून पावतीवर हब नवा की जुना, स्टड कोणते, पीळ किती आणि किलोमीटरची नोंद काय, एवढे लिहून घ्यावे व काढलेले स्टड मागून घ्यावेत. तुटलेल्या स्टडच्या तोंडावर, जुहूच्या वाळूत ओहोटीने मागे ठेवलेल्या वक्र रेघांप्रमाणे, एकामागून एक सरकत गेलेल्या रेघा दिसल्या तर तो अनेक दिवस हळूहळू चिरत गेला होता. खडबडीत, एकाच वेळी फाटल्यासारखे तोंड असेल तर तो एका झटक्यात, बहुधा अतिरेकी पिळाने, गेला. हे तोंड घासू नये, दोन तुकडे एकमेकांवर जुळवून पाहू नयेत, कारण त्याने रेघा बुजतात. पातळ तेलाचे बोट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर मोटारीचा क्रमांक, चाकाची बाजू आणि तारीख लिहून ते तुकडे पावतीसोबत जपून ठेवावेत.